शेवटच्या नळाखालची घागर

घागर चाळीस सेकंदांत भरली, असं मी माझ्या हातानं लिहिलंय. आणि ते खोटं नव्हतं. तेच तर दुखणं आहे.

तालुक्याच्या गावी मी पाणीपुरवठ्यात नोकरीला. गावाबाहेर रान विकून नवं प्लॉटिंग पडलं की आमच्याकडं कागद यायचा: या वस्तीला पाणी दिलं तर जुन्या लोकांना कमी पडेल का, तपासा. तपासायची रीत सोपी. नव्या वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि जुन्या लायनीच्या अगदी शेवटच्या नळाखाली घागर ठेवून घड्याळ बघायचं. शेवटचा नळ विहारामागच्या गल्लीत, टोकाच्या घरात. ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं.

न सांगता जायचं, असा नियम. पण साहेबाला घेऊन सख्ख्या बहिणीच्या दारात जायचं अन् तिला कळवायचं नाही? काहीतरीच! आदल्या दिवशी मी फोन करायचो, "आक्का, उद्या साहेब येतेत, चहा ठेव." ती पोहेही करायची. पाणी बदाबदा यायचं. साहेब खूश, मी खूश. तीन प्लॉटिंगं अशी मंजूर झाली, तिन्ही कागदांवर माझी सही.

मग तिथं बंगले उठले, नळांना मोटारी लागल्या. आक्काच्या गल्लीत पाण्याची धार करंगळीएवढी झाली, पुढं तीही तुटली. गल्लीतल्या बाया अर्ज घेऊन कचेरीत आल्या तर मी त्यांच्यापुढं माझा कागद आपटला. "तुमच्याच गल्लीत मोजलंय. कावून खोटं बोलता?" एकीनं माझ्यासमोरच अर्जाची घडी घातली. आज सांगताना लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या रेटारेटीत आक्का पडली, खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवरच आहे.

यंदा चौथा कागद आला. सवयीनं फोन केला अन् दुसऱ्या दिवशी गेलो. साहेब गल्लीच्या तोंडाशी गाडीत फोनवर बोलत बसले. मी नळाखाली घागर ठेवली, तोटी फिरवली. नुसती हवा फुसफुसली.

आक्का खाटेवरूनच सुनेवर खेकसली, "आगं, गल्लीत नीट सांगितलं न्हवं? समद्यांनी नळ बंद केलेत का?"

"नळ कावून बंद करायचे?" मी विचारलं.

"आरं, तू साहेबाला घिऊन येतूस. पाणी न्हाई आलं तर चारचौघांत तुझी काय इज्जत ऱ्हाईल? दर येळी सांगते मी बायांना, माझा भाऊ यायलाय, घटकाभर नळ बंद ठिवा. ठेवत्यात बिचाऱ्या."

तिच्यावर ओरडावं म्हटलं, पण कुणावर ओरडणार? आपलेच दात अन् आपलेच ओठ. फोन तर मीच करत होतो.

तसाच बाहेर आलो. शेजारच्या दारात तीच बाई उभी होती, कचेरीत अर्जाची घडी घातलेली.

"बाई, नळ उघडा," मी म्हणालो. "समद्यांना उघडायला सांगा."

"उघडेच हायेत, भाऊ," ती म्हणाली. "थेंबच येईना, मग औंदा बंद करायची गरजच न्हाई पडली. तेवढं आक्काला नका सांगू."