वाडीवर पोचलेलं जेवण

लोणावळ्यातल्या एका कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मी सात वर्षं नोकरी केली. तळेगावहून रोज जाऊन-येऊन. शेवटच्या वर्षात तिथे जे झालं, ते मी घरी नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही. जेवणातून विषबाधा झाली आणि एक म्हातारा माणूस गेला, एवढंच त्याला माहीत आहे. ते जेवण माझ्या सांगण्यावरून थांबवून ठेवलं होतं, आणि त्या माणसाने ते माझ्या आग्रहाखातर खाल्लं, हे दोन भाग मी गाळत आले.

त्या वर्षी सेंटरचं नूतनीकरण चाललं होतं. मोठ्या सभागृहातल्या खुर्च्या बदलल्या, मंचामागे भिंतभर स्क्रीन बसला, छपरावर सोलर आलं, मागच्या बाजूला नवीन स्वयंपाकघर बांधायला घेतलं. परिषदा मात्र चालूच होत्या. एकीकडे ड्रिलचा आवाज आणि दुसरीकडे पाचशे माणसांचं जेवण, असे दिवस होते. आमचे संचालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, एका बैठकीत म्हणाले, "इमारत नवी होतेय, तर नावही नवं व्हायला हवं. आजूबाजूच्या लोकांसाठी काहीतरी करा." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही बघा." मी ऑफिसातली जुनी, त्याआधी शाळेत शिक्षिका होते. मला ते मनापासून आवडलं.

आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी होती. कुरवंडे गावाच्या अंगाला डोंगरात तिची वाडी, वीस-बावीस घरांची. रोज चालत यायची. परिषद संपली की पातेलीच्या पातेली अन्न उरायचं आणि ती पातेलीही तीच धुवायला घ्यायची. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, हे चांगलं अन्न तुमच्या वाडीवर पाठवलं तर?"

ती म्हणाली, "माज्या सासऱ्यास्नी इचारा. वाडीचं त्येच बघत्यात."

सासरे म्हणजे आबा. सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, दिवसभर अंगणात बसून बांबूच्या टोपल्या विणायचे. माझं सगळं बोलणं त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"उरल्यालं खायाची आमाला लाज न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "पर तुमी द्याल चार म्हैने आन् मग बंद कराल. पोरं ताटं घिऊन वाट बघत बसत्याल. त्यापरीस वाडीतल्या दोन बायास्नी काम द्या."

मी म्हटलं, कामाचंही बोलते. सरांशी बोललेही. "पुढच्या टप्प्यात बघू," असं उत्तर आलं. जेवण मात्र सुरू झालं. आमच्या स्वयंपाकघराचे प्रमुख कोकणातले, पन्नाशीचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी एकच अट घातली होती: जेवणं आटोपल्यावर तासाभरात गाडी निघाली पाहिजे. ती अट मीच टाइप करून भिंतीला लावली.

सुरुवातीचे महिने खरोखर चांगले गेले. गाडी वर चढली की बायका डबे घेऊन यायच्या. कुणाला किती, यावर भांडण झालेलं मी पाहिलं नाही. आबा स्वतः त्यातलं काही खात नसत. घरची भाकरी, कालवण, बास. "तुमचं त्येलकट आमाला सोसत न्हाई," म्हणायचे. मला मात्र निघताना पानात करवंदं बांधून द्यायचे.

मे महिना संपत आला होता. हवा कुंद, पाऊस नाही, दुपारी अंगाला कपडा चिकटायचा. त्या आठवड्यात जुनी कोल्ड रूम, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फ्रिज, पाडून टाकली होती. नवीन बसली होती, चालूही करून पाहिली होती, पण तिच्या दाराला लाल फीत बांधलेली होती. पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं. तोवर दादा रोजचं सामान भाड्याच्या दोन फ्रिजांत कसंबसं कोंबत होते.

त्या दिवशी एका कंपनीच्या वितरकांचं संमेलन होतं. जेवणात पनीर, पुलाव आणि बासुंदी. अडीचच्या सुमारास जेवणं आटोपली. दादांनी डबे भरले. तेवढ्यात सरांचा फोन आला. नूतनीकरणाला ज्यांनी मदत केली होती ते पाहुणे पुण्याहून निघालेत, त्यांना वाडीवर स्वतःच्या हाताने अन्नवाटप करायचंय, सेंटरच्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो हवेत. गाडी थांबवा.

मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, दुधाचं आहे. बासुंदी काढून ठेवू का?"

मी परत फोन केला. सर म्हणाले, "गोड नसेल तर फोटोत काय दाखवणार? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

अर्ध्या तासाचा एक तास झाला, मग दोन. पाहुणे वाटेत कुठेतरी अडकले होते. डबे मागच्या पत्र्याखाली होते. मी कामावरच्या इंजिनिअरकडे गेले आणि नवीन कोल्ड रूम उघडून द्या म्हटलं. तो म्हणाला, "अजून ताब्यात दिलेली नाही, मॅडम. आणि फीत?" मी म्हटलं, फीत परत बांधता येईल. तो हसला. म्हणाला, "सरांना विचारा." मी विचारलं नाही. दोनदा फोनवर बोलणं झालं होतं, तिसऱ्यांदा फोन करायचा संकोच वाटला. त्या संकोचाला दुसरं कुठलंही कारण नव्हतं. सर रागावले असते, इतकंच.

साडेपाचच्या सुमारास पाहुणे आले. गाडी निघताना दादांनी झाकण उघडून वास घेतला. "वास नाही आला अजून," ते म्हणाले, "पण माझ्या हातात असतं तर मी नसती पाठवली." मी ऐकलं आणि गाडीत बसले.

वाडीवर पाहुण्यांच्या हातून ताट कुणाला तरी द्यायचं होतं. बायका लाजून मागे सरकल्या. फोटोग्राफर म्हणाला, "कुणी वयस्कर आहे का? चेहरा चांगला येईल." मी आबांकडे गेले.

"मी न्हाई खात, म्याडम. तुमाला ठावं हाय."

"नुसतं ताट हातात घ्या, आबा. माझ्यासाठी."

ते उठले, धोतर नीट केलं, टोपी घातली आणि उभे राहिले. फोटो झाला. पाहुणे हौसेने म्हणाले, "आता गोड खाऊन दाखवा." आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या थोडी. त्यांना बरं वाटेल." त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि सगळी संपवली. ताटात काही टाकायची त्यांना सवय नव्हती.

"ग्वाड हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कामावर आली नाही. नऊ वाजता तिचा फोन आला. "म्याडम, समद्यास्नी उलट्या-जुलाब चालल्यात. गाडी धाडा. आबा उठंनात." सेंटरच्या दोन गाड्या घेऊन मी आणि दादा वर गेलो. घराघरांतून माणसं अंगणात येऊन पडली होती. दादांनी एकेकाला उचलून गाडीत ठेवलं. आबांचे हात गार पडले होते. मावशीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि गाडीच्या प्रत्येक वळणाला ती त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होती.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांना सलाइन लावलं. बाकीचे दोन-तीन दिवसांत सावरले. आबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. डॉक्टर मला म्हणाल्या, "वय होतं आणि अंगातलं पाणी फार गेलं होतं." मी व्हरांड्यात होते. थोड्या वेळाने मावशी बाहेर आली आणि तिने नर्सला विचारलं, "त्येंची टोपी कुटं हाय?"

चौकशीला अधिकारी येणार होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "खोटं काही लिहू नका, मॅडम. फक्त जेवढं लागतं तेवढंच लिहा," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, तेही घाबरलेले होते. मी लिहिलं: अन्न सुस्थितीत वाडीवर पोचवले. त्यानंतर ग्रामस्थांनी ते किती वेळाने खाल्ले याची आम्हास माहिती नाही. खाली सही केली. माझ्या फोनमध्ये आबा वाटी तोंडाला लावून उभे असलेला फोटो होता. मागे पाहुण्यांची गाडी होती आणि तिन्हीसांजेच्याही आधीचा उजेड.

आबांच्या तेराव्यानंतर मी वाडीवर गेले. मावशी चुलीपाशी बसली होती. बस म्हणाली नाही.

"चौकशीचं सायेब आलतं," ती म्हणाली. "तुमचा कागद वाचला त्येंनी. तुमी लिवलंय, आमी शिळं करून खाल्लं."

"मी तसं लिहिलेलं नाही, मावशी."

"मग काय लिवलंय? सांगा."

मला ते वाक्य पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. मग तिने विचारलं, "ह्येचा अर्थ काय हुतो, म्याडम?"

वीस वर्षांपूर्वी मी मुलांना वाक्याचा अर्थ समजावून सांगायचे. शेवटी तीच उठून पाणी आणायला गेली आणि मी खाली उतरले.

त्यानंतर महिनाभर मी झोपायचे, उठायचे, कामावर जायचे. पुढे ढकललेलं कोल्ड रूमचं उद्घाटन झालं. फीत कापताना मी टाळ्याही वाजवल्या, सगळ्यांच्या बरोबर. वाडीचं जेवण बंद झालं होतं. त्याऐवजी आवारात झाडं लावायचं ठरलं आणि त्याची यादीही माझ्याकडेच आली. ती यादी करता करता एका दुपारी मी दुसरा कागद घेतला आणि सगळं लिहिलं: किती वाजता जेवणं संपली, किती वाजता गाडी निघाली, दादा काय म्हणाले, मी काय केलं नाही. फोटो जोडला. चौकशी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला, एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली आणि राजीनामाही.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. अटक, खटला, वर्तमानपत्र. बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं. अन्नाचा नमुना उपलब्ध नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. पाहुण्यांचं नाव कुठेच आलं नाही. सर अजून तिथेच आहेत. दादा गावी निघून गेले. त्यांचा फोन लागतो, पण ते उचलत नाहीत.

मी आता तळेगावात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. गेल्या हिवाळ्यात नणंदेकडे लोणावळ्याला गेले होते, तेव्हा बाजारात मावशी दिसली. तिच्या हातात झाडू आणि फिनेलचे डबे होते. मला बघून ती थांबली, हे मला अपेक्षित नव्हतं.

"बऱ्या हायसा?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. मग एकदम सगळं बोलून टाकलं, की मी दुसरा कागद दिला, खरं ते लिहिलं, नोकरी सोडली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्येच्यानंच माजं काम गेलं. वाडीतलं कुनीबी आत नगं, म्हनं. आता बंगलं झाडतीया."

मला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

"मावशी, मला वाटलं होतं..."

"तुमी चांगल्यासाठनंच केलं आसंल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पर लिवायच्या आदी मला इचारायचं व्हतं. तुमाला दुसरी नोकरी घावली. माज्या घरात तेवडाच पगार येत व्हता."

मी तिला माझा नंबर देऊ केला. तिने डबे दुसऱ्या हातात घेतले. "आसू द्या," म्हणाली. बंगल्यावरच्या लोकांना उशीर झालेला चालत नव्हता. ती घाईने रस्ता ओलांडून गेली. मी भाजी घेतली, नणंदेकडे गेले. तिने विचारलं, इतका वेळ कुठे लागला. बाजारात गर्दी होती, असं मी सांगितलं.