त्यांच्या नावाचं चलन

दुपारची जेवणं झाली आहेत. माझी लेक स्नेहल भांडी विसळते आहे आणि मी दिवाणावर आडवी झाले आहे. झोप लागली म्हणावं तर भांड्यांचा आवाज येतोय, जागी आहे म्हणावं तर हात उचलत नाही. हे उन्हाळ्यात गेले तेव्हापासून माझं असंच चाललंय. लोक विचारतात, सावरलात का? सावरायला आधी पडावं लागतं. मला काही होतच नाही. जेवते, पेपर वाचते, कुणी आलं तर बोलते.

हे म्हणजे शांतिनाथ आवटी, कर सल्लागार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर त्यांची खोली. निम्म्या यार्डाची रिटर्नं त्यांनी भरली, स्वतःचं मात्र दरवर्षी सगळ्यात शेवटी. यंदा ते राहूनच गेलं. आता ते मी भरायचं, वारस म्हणून. त्यासाठी आधी पोर्टलवर मृत्यूचा दाखला चढवायचा. एकदा चढवला की त्यांच्या नावाआधी 'मयत' लागतं आणि पुढचं सगळं माझ्या नावावर येतं. मी काही तो चढवलेला नाही. सरकारने रिटर्नची मुदत वाढवली तेव्हा मी टीव्हीला चक्क हात जोडले. ती वाढीव मुदतही आता संपत आलीय, आणि स्नेहल माझ्या मागे लागून लागून थकलीय.

मी दुसरंच करते. ती डुलकी काढायला गेली की त्यांच्या पॅनवर कर भरते. एकदा भरला, मग पुन्हा भरला, मग भरतच राहिले. थोडाथोडा, माझ्या पेन्शनमधून जमेल तेवढा. चलनावर त्यांचं नाव येतं, आणि भरल्याचा मेसेज येऊन उशाशी त्यांचा मोबाईल टिंग वाजतो.

"बास की आता," पायाशी कोणीतरी म्हणतं.

हेच आहेत. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर.

"काय चालवलंयस हे, त्रिशला?"

"तुम्हाला काय करायचंय? झोपू द्या मला."

"ऊठ. तिकडं माणसं खोळंबलीत."

मी उठते. दिवाणाखाली फरशी नाही, यार्डातल्या जिन्याची पायरी आहे. सगळ्या पायऱ्या हळदीने पिवळ्या झाल्यात आणि माझ्या पायांत चपला नाहीत. हे पुढे, मी मागे. भांड्यांचा आवाज अजून येतोच आहे, फक्त आता तो गोदामातून येतो.

वरची खोली लांबच लांब झाली आहे. पलीकडच्या टोकाला त्यांचं टेबल, आणि टेबलापासून दारापर्यंत बायकांची रांग. पूर्वी बँकेत चलन भरायला लागायची तशी. एकेक बाई मी ओळखते. त्या मगदूमबाई, मिरचीवाल्या मगदूमांच्या. त्या चौगुले वहिनी. ज्यांचे ज्यांचे मालक गेले आणि शेवटचं रिटर्न ह्यांनी भरलं, त्या सगळ्या आहेत. प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला कागद आहे आणि तो प्रत्येकीने छातीशी धरलाय.

माझ्याही हातात आहे. मी तो मागे लपवते.

"पुढं सरका की ओ," मगदूमबाई म्हणतात. "तुमचंच घर आणि तुम्हीच अडून बसलाय?"

मी न सरकताच टेबलाशी पोचते. मागे वळून बघते तर रांग नाही. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आहे, त्यावर उपडी घातलेली पातेली आहेत.

हे खुर्चीत बसतात. "हे बघ," सुरू होतातच. "मुदत वाढली ती फॉर्मला. कराला नाही. कर थकला की व्याज चालू राहतं."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं जेवताना दुसरं काय बोललात?"

"मग पहिलं चलन बरोबर भरलंस. एक नंबर. व्याज राहिलं होतं ते दुसऱ्यात फिटलं. त्यानंतरचं काय? सगळं जादा! असं कोणी भरतं होय? माझ्या पार्ट्यांनी ऐकलं तर हसतील. आवटींच्या घरात एवढं अज्ञान!"

"अज्ञान नाही. कळून भरलंय."

"कळून?"

"तुमचा मोबाईल वाजतो."

ते चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतात. माझ्याकडे बघतात. गिऱ्हाईक खोटं बोलतंय का खरं, हे बघायची त्यांची एक नजर आहे, तीच.

"वाजला की काय करतेस?"

"उचलते. बघते. ठेवून देते."

"बरं वाटतं?"

"नाही."

"मग कशाला भरतेस गं?"

"वाजेपर्यंत बरं वाटतं."

ते चष्मा पुन्हा कपाळावर सारतात. पंखा फिरतो आहे आणि वारा लागत नाही. मला वाटतं आता ते जातील. आणि ते जातील असं वाटूनही मला काही होत नाही, याचाच मला राग येतो.

"मी दाखला चढवणार नाही," मी म्हणते. "चढवला की तुम्ही संपलात. मीच लिहायचं, मीच बटण दाबायचं. मला सांगू नका."

"मी कुठं सांगतोय?"

"मग कशाला आलात?"

"मगदूमबाई आल्या होत्या ना," ते म्हणतात, "तेव्हा त्याही दाखला देईनात. घट्ट धरून बसल्या. सगळ्याच बसतात. कागद मागायचा नसतो अशा वेळी. मी आपला चहा सांगायचो. चहा येईपर्यंत यार्डातल्या गोष्टी. हळद काय भावाने गेली, कुणाची पोरगी पास झाली. चहा पिऊन झाला की बाई आपणहून कागद पुढे सरकवायची. एकदासुद्धा मी हात पुढे केला नाही."

"हे कधी बोलला नाहीत मला."

"यात बोलायचं काय?"

"मला कोण सांगणार चहा?"

ते उठतात. दार उघडून जिन्यात वाकतात आणि खच्चून ओरडतात, "दोन कट! एक बिनसाखरेचा!"

बिनसाखरेचा माझा. मला गहिवरून येईल असं वाटतं, पण येत नाही.

चहा येतो. कोण आणतं ते दिसत नाही. टेबलावर दोन ग्लास, काठोकाठ, वाफाळलेले. हे आपला ग्लास बशीत ओततात, फुंकर घालतात आणि बोलू लागतात. यंदा हळदीला भाव चांगला आहे. चौगुल्यांचा नातू सीए झाला, पण अक्षर घाण आहे. पावसाळ्यात गोदामाचा पत्रा गळतो, मालकाला सांगून सांगून दमलो. मी ऐकते. उन्हाळ्यापासून मी कुणाचं इतकं ऐकलेलं नाही.

"निवतोय," ते म्हणतात. "पी."

"तुमचा संपू दे आधी."

"माझा संपला." बशी खरंच रिकामी आहे. "घे गं. आणि जादा भरलेलं तुझ्या खात्यात परत येईल बघ. वारसाचं खातं नीट टाक. त्याचं एखादं पातळ घे."

"नको मला पातळ."

"नाही तर नको. पण पी."

मी ग्लास उचलते आणि त्यांच्याकडे बघतच मोठा घोट घेते. चहा निवलेला नाही. उकळता आहे. आई गं!

मी दिवाणावर बसलेली आहे. मोरीतला नळ बंद झालाय. स्नेहल पदराला हात पुसत दारात उभी आहे.

"ओरडलीस का गं? स्वप्न पडलं?"

मला बोलता येत नाही. जीभ पोळली आहे. खरोखरची. शेंड्याला खरखरीत झालंय, दातांना लागलं तरी चुरचुरतं. मी तोंड उघडून बोट लावून बघते आणि कळवळते. आजूबाजूला ग्लास नाही, कप नाही, पाण्याचं भांडंसुद्धा नाही.

"चहा टाकू का?" स्नेहल विचारते.

"नको," मी म्हणते. "झालाय माझा."

ती माझ्याकडे बघत राहते. जिभेची आग इतकी वाढते की डोळ्यांतून पाणी येतं. मग ते जिभेचं राहत नाही. मी हमसून हमसून रडते, उन्हाळ्यापासूनचं सगळं, आणि स्नेहल घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहते.

"दुखतंय गं," मी तिला सांगते. "फार दुखतंय."

मग पदराने तोंड पुसते आणि म्हणते, "बाबांचा दाखला काढ कपाटातून. आण इकडे."