पितळी पट्टीवरचं गाव

निघायच्या दिवशी आबांनी मला स्टेशनवर न्यायच्या आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, त्यांच्या कारखान्यात नेलं. अंगावर नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि मी त्यांच्या तेलकट शेडमध्ये लेथ मशीनसमोर उभी. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी मशीनवरची पितळी पट्टी पुसली. पट्टीवर कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली विलायतेतल्या एका गावाचं.

"हात लाव," आबा म्हणाले. "ह्या गावाला चाललीयास तू. वीस वरसं झाली, हे मशीन केसभर हाललं न्हाय. असली माणसं हाईत तिथली. मला तुझी काळजी न्हाय बघ."

माझं लग्नसुद्धा त्या पट्टीनंच जमवलं होतं. स्थळ आलं तेव्हा आईनं मुलाचा पगार विचारला, काकांनी कुळ विचारलं. आबांनी एवढंच विचारलं, मुलगा विलायतेत कुठल्या गावी असतो? नाव ऐकलं आणि लगेच साखर आणायला सांगितली. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

नवरा तिथं बसवर कंडक्टर होता. मला टायपिंग येत होतं, त्यामुळे वर्षभरात मी त्याच कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आबांनी उद्यमनगरात पेढे वाटले.

आत गेल्यावर जे दिसलं ते मात्र मी कधी घरी लिहिलं नाही. जेवायला तीन खोल्या होत्या: साहेबांची वेगळी, ऑफिसची वेगळी, कामगारांची वेगळी. आमचे आबा मालक असून कामगारांबरोबर एकाच पोत्यावर बसून भाकरी खायचे. इथं मोठा साहेब वर्षातून एकदा खाली उतरायचा, तोही फोटोसाठी. दिवा गेला तर वीजवाला येईपर्यंत सगळे हात बांधून बसायचे, कारण दुसऱ्यानं बल्ब बदलला तर संप. युनियनचं आणि साहेबांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. खालची मशीनं आबांच्या मशीनपेक्षा म्हातारी, पण नवीन घ्यायचं कुणी नाव काढत नव्हतं. जपानी मशीनचं चित्र मासिकात आलं की वरचे लोक हसायचे. कारागीर मात्र सोन्यासारखे होते, हे सांगायलाच हवं. ऑर्डरी ढीगभर यायच्या आणि माल वेळेवर कधीच जायचा नाही. त्याबद्दल गिऱ्हाइकांची माफी मागणारी पत्रं टाइप करणं हे माझं काम. माझे हार्पर साहेब न बघता सांगत जायचे: "आमच्या हाताबाहेरच्या कारणांमुळे विलंब होत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

एके दिवशी माझ्या टेबलावर कोल्हापूरचं पत्र आलं. आबांच्या मशीनचा एक गिअर तुटला होता आणि त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेऊन तो थेट कंपनीकडे मागवला होता. मी उत्तर टाइप केलं, तेच नेहमीचं. पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत होती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी घरच्या पत्रात कौतुकानं लिहिलं, "आबा, त्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं माझी आहेत."

आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती अक्षरं मात्र त्यांनी अख्ख्या उद्यमनगराला दाखवली. माझा धाकटा भाऊ संपत त्यांना म्हणत होता, "आबा, शेजारी अब्दुल मिस्त्री तीन दिसात गिअर करून देतोय की!" आबा ऐकेनात. "दुसऱ्याचं चाक ह्यात घालायचं न्हाय. माझी पोरगी बसलीया तिथं. येतंय की." संपतनं हे मला गंमत म्हणून कळवलं होतं.

चौथं पत्र टाइप करून झाल्यावर मी खाली कारखान्यात गेले. गिअरच्या विभागावर ताडपत्री होती. म्हाताऱ्या फोरमननं मायेनं सांगितलं, "पोरी, तो गिअर बंद होऊन दोन वर्षं झाली. साचासुद्धा मोडीत गेला." मी हार्पर साहेबांना विचारलं. 'नाही' असं लिहायला वरची परवानगी लागते, म्हणाले, आणि ती कुणी देत नाही. विलंबच लिही.

मी लिहिला. कंपनीचं खोटं कंपनीच्या माथी, माझी फक्त बोटं, अशी समजूत करून घेतली. पण त्या रात्री घरच्या निळ्या एअरलेटरवर मी माझ्या हातानं लिहिलं, "येतंय आबा, थोडं थांबा." पट्टीवरचं गाव खोटं ठरवायचा मला धीर झाला नाही. इतकंच कारण. याहून मोठं कारण शोधून सापडलेलं नाही.

आबा थांबले. गुऱ्हाळं सुरू झाली. कागलची, कुरुंदवाडची नेहमीची गिऱ्हाइकं चरकाचे शाफ्ट घेऊन आली, बंद मशीन बघितलं आणि शेजारी गेली. दुसऱ्या वर्षी ती आलीच नाहीत. आबा रोज मशीन पुसायचे. तिसऱ्या दसऱ्याच्या आधी ते गेले, आणि मला वेळेत पोचता आलं नाही. तेरावं झाल्यावर संपतनं अब्दुल मिस्त्रीला बोलावलं. तिसऱ्या दिवशी मशीन चालू झालं.

पुढं काही वर्षांनी कंपनीही बंद पडली. कामावरून कमी केल्याची पत्रं मीच टाइप केली. तेवढीच काय ती वेळेवर गेली.

आता त्या जागी मोठं दुकान आहे. मी तिथं भाजी घेते. इथं कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी कोल्हापूर म्हणते आणि पुढं काही बोलत नाही.

गेल्या दसऱ्याला मी गेले होते. मशीन अजून चालतंय, अब्दुल मिस्त्रीच्याच गिअरवर. संपतनं आबांचा पत्र्याचा डबा पुढं ठेवला. आत मी टाइप केलेली कंपनीची सातही पत्रं होती, नीट घडी घालून ठेवलेली. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा डाग होता.

"खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की ह्यास्नी पण लावायचे," संपत म्हणाला. "म्हणायचे, आक्काचा हात हाय हितं."

मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले.

घर म्हणजे मला आता तो कोपरा वाटतो. तिथं मी नव्हते, माझं खोटं होतं, आणि त्याची पूजा झाली. इकडं आलेल्यांनो, तुम्हीही घरी 'सगळं ठीक आहे' असं लिहिलं असेल. कोण ते खरं धरून बसलंय, एकदा बघून घ्या.

संपत, हे सगळं तुलाही पाठवतेय. सोबत एक कागद आहे, हातानं लिहिलेला. "आबा, गिअर येणार नाही. अब्दुलभाईंकडून करून घ्या." येत्या खंडेनवमीला तो मशीनसमोर मोठ्यानं वाच. त्याला हळदकुंकू मात्र लावू नकोस.