बांधीतली फुटबॉलवाली

फुटबॉलवालीला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला असायची आणि पंगत उठली की ताट हातात धरून उभ्याउभ्याच जेवायची. एसटी रिकामी असली तरी ती दाराजवळच्या दांड्याला धरून उभी. कोणी खाट पुढे केली तर त्या खाटेवर ती पिशवी ठेवायची आणि स्वतः अंगणात फेऱ्या मारत बोलायची. पायाखाली खडा आला तर बोलणं न थांबवता त्याला पायाच्या आतल्या बाजूने थोपटत राहायची. "बस ना वो जराशी," असं एखाद्या म्हातारीने म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं : "बसल्या मानसाले लोकं काम सांगतेत, मावशी."

खरं कारण गुडघा होता. बसून उठताना तो अडकायचा. पण गुडघा हा शब्द तिच्या तोंडून क्वचितच आला.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. ती शाळेत माझ्या पुढे होती. आठवीपासून ती गोंदियाला वसतिगृहात राहिली. तिथे तिला आधी कबड्डीत घेतलं आणि लवकरच काढलं, कारण रेषेच्या आत ती टिकत नसे. फुटबॉलमध्ये तिला उजवी बाजू मिळाली आणि ती तिथेच राहिली. विद्यापीठात, मग राज्याच्या संघात. त्या संघाचं एक छायाचित्र तिच्या घरी भिंतीवर होतं. सगळ्या मुली कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. हिची मान डावीकडे वळलेली आहे, जणू तिकडून कोणी चेंडू टाकणार आहे.

एका सराव शिबिरात गुडघा गेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि विश्रांती सांगितली. ती घरी आली ती ऐन रोवण्याच्या दिवसांत. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की घरात कोणी बसून राहत नाही. गुडघाभर चिखलात ती इतर बायांसोबत ओळीत उभी राहिली आणि रोवणा संपेपर्यंत निघाली नाही. त्यानंतर ती मोठा सामना खेळली नाही. तिला कोणी चूक दाखवली तर म्हणायची, "रोवना कोनासाठी थांबते का?" पश्चात्तापाचा सूर त्यात नसे. दुसऱ्या पर्यायाचा तिने विचारच केला नव्हता.

पुढे काही वर्षं ती गोंदियात एका खासगी शाळेत प्रशिक्षक होती. फुलचूरला खोली घेऊन राहायची. ती नोकरी संपली एका पाहुण्याच्या स्वागतामुळे. मुलींनी सराव सोडून फाटकापाशी फुलांची ताटं घेऊन उभं राहावं, असा निरोप आला. तिने मुलींना मैदानाभोवती पळायला लावलं आणि स्वतः कार्यालयात जाऊन सांगितलं, "सर, ये लडकियाँ फूल फेकने नहीं आयी हैं." संध्याकाळी तिने खोली रिकामी केली.

गावात परतली तेव्हा वडील वारले होते आणि शेती धाकटा भाऊ रमेश पाहत होता. तिला एकच गोष्ट हवी होती : मैदान. गावात मोकळी जागा म्हणजे शाळेचं अंगण, आणि त्यात मधोमध हातपंप. म्हणून तिने रमेशकडे रस्त्यालगतची मोठी बांधी मागितली. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. पाणी साचून राहावं म्हणून चारी बाजूंनी मातीचा उंच बांध, म्हणजे धुरा, घातलेला. दिवाळीनंतर धान निघालं की बांधी पावसाळ्यापर्यंत रिकामी पडते. रमेश म्हणाला, "खेला यंदा. पन कालव्याचं पानी आलं का मी उन्हाळी धान लावतो. मंग नाई म्हनू नको, बाई." तो तिला बाईच म्हणायचा, मोठी बहीण म्हणून. दर वर्षी हेच वाक्य तो बोलायचा, आणि पाणी यायचं नाही.

गावातल्या मुली विळे घेऊन आल्या, त्यांनी धानाची खुंटं जमिनीलगत कापली आणि खेळ सुरू झाला. बाया डोक्यावर भारे घेऊन जाताना थांबायच्या. "काऊन वो, पोरीइले पिसाट केलं का तू?" एकीने विचारलं. "पिसाट होत्याच," ही म्हणाली, "मी फक्त बॉल देल्ला."

तिची शिकवण्याची भाषा पुस्तकातली नव्हती. बाजूने पळायचं असेल तर ती ओरडायची, "धुरा धर!" बचाव करणाऱ्या मुलींना तिने रोवणाच आठवायला लावला. रोवण्यात बाया वाकून मागे मागे सरकतात आणि ओळ मोडत नाहीत. "तसंच सरका. एकीनं ओळ सोडली का माय रागवते ना? इथं मी रागवीन." मुलींना हे लगेच कळलं. पहाटेच्या धुक्यात त्या चौघी एका दोरीत बांधल्यासारख्या मागे येत, आणि समोरून चेंडू घेऊन येणारी मुलगी फसायचीच.

रोशनी नावाची एक मुलगी उजव्या बाजूला खेळायची. बारीक, काळी, अतिशय वेगवान. तिची आई म्हणायची, "हे पोट्टी घरी पानी आनाले गेली का दुपार करते, आन् इथं वाऱ्यासारखी धावते." फुटबॉलवाली तिच्यावर सर्वांत जास्त ओरडायची. तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलायची.

एका हिवाळ्यात संघ नागपूरला खुल्या स्पर्धेसाठी गेला. मी तेव्हा तिथे एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर काम करत होतो, म्हणून सामना पाहायला गेलो. हिरवं, सपाट, चुन्याच्या रेषा आखलेलं मैदान मुली पहिल्यांदाच पाहत होत्या. बचावाची ओळ उत्तम होती. शेजारी बसलेल्या एका जुन्या पंचाने ती कोणी बसवली, असं विचारलं. पण पुढे काही तरी विचित्र घडत होतं. रोशनी वेगाने धावायची, चेंडू रेषेकडे ढकलायची आणि थांबायची. चेंडू रेषेबाहेर जायचा. ती उभी. डावीकडच्या मुलीचंही तेच. चेंडू त्यांच्या पायातून सुटत नव्हता. त्या तो सोडत होत्या आणि वाट पाहत होत्या. प्रत्येक वेळी बाहेरून चेंडू टाकायची संधी समोरच्या संघाला मिळत होती. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, बॉल तुम्हारा रिश्तेदार है क्या? वापस आयेगा?" लोक हसले.

फुटबॉलवाली रेषेलगत येरझाऱ्या घालत होती. ती मध्येच थांबली. मध्यंतरात मुली आल्या तेव्हा ती ओरडली नाही. रोशनी म्हणाली, "दीदी, थो वापसच येऊन नाही राहिला."

तेव्हा सगळ्यांना कळलं. बांधीत चेंडू धुऱ्यावर आपटून परत येतो. मुली इतकी वर्षं धुऱ्यासोबत खेळत होत्या. तो त्यांचा बारावा गडी होता. नागपूरच्या मैदानाला धुरा नव्हता.

"इथं गेला तं गेला," ती म्हणाली. "कोनी परत नाई देत." पण एका मध्यंतरात पाय बदलत नाहीत. संघ हरला.

परतीच्या गाडीत मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. मीही त्यांच्यासोबत गावाकडे निघालो होतो. ती दाराशी उभी होती. मी म्हटलं, पहिलंच मोठं मैदान होतं, होईल सवय. ती म्हणाली, "पोरीइची चूक नाई. मी आंगनात शिकवलं आन् त्याले मैदान म्हटलं." नागझिऱ्याकडचं जंगल मागे पडत होतं, तिचा उजवा पाय डब्याच्या पत्र्यावर ताल धरून हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फावडं घेतलं आणि खेळायची मोठी बांधी व शेजारची घरचीच लहान बांधी यांच्यामधला धुरा फोडला. दुपारपर्यंत तो पूर्ण सपाट झाला. धानाच्या मुलखात धुरा फोडणं ही साधी गोष्ट नाही. वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आमच्या तालुक्यात आहेत. रमेश धावत आला.

"बाई, धुरा फोडला तू? बापाच्या हातचा धुरा?"

"एकच फोडला. बाकीचे हायेत."

"पानी काय तीन बाजू पाहून थांबते? काल कालव्याचे सायेब सांगून गेले. पानी सोडून राहिले यंदा. खरंच सोडून राहिले."

ती फावडं टेकवून उभी राहिली. दर वर्षी न येणारं पाणी या वर्षी येणार होतं. रमेशला वाईट वाटत होतं, पण उन्हाळी धान सोडणं त्याला परवडणारं नव्हतं आणि तिने तशी अपेक्षाही केली नाही. त्यानेच मधला मार्ग काढला. "असं करू. हे लहान बांधी ठेवतो तुह्यासाठी. चारी धुरे बांधून देतो. खेला तिथं, बाराही महिने."

"धुऱ्यात नाई पायजे."

"मंग कुठं खेलशील वो?"

"माहीत नाई."

"जागा देऊन राहिलो तं नाई म्हनते! काय मानूस आहेस तू?"

रमेशने धुरा पुन्हा बांधला, पाणी घेतलं, आणि महिन्याभरात त्या जागी हिरवं धान उभं राहिलं. ती मुलींना घेऊन गावभर फिरली. शाळेचं अंगण, खळं, देवळामागची उतरती जागा. कुठेही आठवडाभरापेक्षा जास्त टिकता आलं नाही. एप्रिलमध्ये गावची बोडी, म्हणजे छोटा तलाव, आटायला लागली तेव्हा ती तिथे शिरली. बोडीच्या तळाला कड नव्हती. चेंडू सुटला की उताराने घरंगळत थेट मधल्या डबक्यात, म्हशींमध्ये. तो आणायला ज्या मुलीने सोडला तीच जायची. रोशनी पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा कमरेपर्यंत चिखलात गेली. तिची आई काठावरून ओरडली, "पोरगी खेलाले आनली का म्हशी धुवाले?" हिने मागे न पाहता उत्तर दिलं, "थांबवाले शिकली का धुनं बंद होते."

मे महिन्यात तिरोड्याला एक सामना झाला. चेंडू रेषेच्या हातभर आत थांबत होता. रोशनी त्याला तळव्याखाली दाबून वळत होती. सामना बरोबरीत सुटला. बाकीच्या मुली नाचत होत्या. फुटबॉलवाली एकटी मैदानात जाऊन दूरच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभी राहिली आणि तिथून चेंडू कसा टाकायला हवा होता ते हवेतच पायाने मोजत होती. तो सामना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका क्रीडा वसतिगृहाच्या लोकांनी पाहिला. त्यांनी तिला प्रशिक्षक म्हणून बोलावलं आणि सोबत दोन मुली आणायला सांगितलं. तिथे खरं मैदान होतं.

दोनच. एक रोशनी, दुसरी बचावातली. उरलेल्या मुली तिच्या अंगणात आल्या तेव्हा मी तिथे होतो. "आमचं काय, दीदी?" एकीने विचारलं. ती अंगणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, आणि म्हणाली, "मी गेली नाई तं तुमच्यासाठी जागा मांगाले तिथं कोन राहीन?" मुलींना ते पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. तिलाही पटलं नसावं.

जूनमध्ये ती निघाली. अर्जुनीच्या बसस्थानकावर रोशनीची आई रडत होती आणि रोशनी तिला गप्प करत होती. रमेश मोटारसायकलवर मागे पोतं बांधून उशिरा पोचला. त्याने ते खाली उतरवलं आणि बाजूला उभा राहिला.

"काय हाये?"

"तांदूल. उन्हाळी धानाचे." मग जरा थांबून, "त्याच बांधीचे."

तिने पोत्याकडे पाहिलं. वाहक घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता.

"राग हाये का, बाई?" रमेशने विचारलं.

"हाये."

"मंग वापस नेऊ?"

"कायले? पोरी जेवतीन. चढव वर."