कानाला पटलं तरच बिल

माझ्या गिऱ्हाइकांत एक बेकरीवाला आहे, तो पावत्या मैद्याच्या रिकाम्या पोत्यात भरून आणतो. एक टायरवाला आहे, त्याला धंद्याचा खर्च आणि घरचा खर्च यांतला फरक समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले आहेत. छोट्या धंदेवाल्यांची करविवरणपत्रं भरून देणं हेच माझं काम, त्यामुळे डोक्याला ताप हा फीमध्येच धरलेला असतो. पण या साऱ्यांना एका पारड्यात घातलं आणि माझ्या सख्ख्या काकांना दुसऱ्यात, तरी काकांचंच पारडं जड होईल. आणि त्यांच्याकडून फीसुद्धा घेता येत नाही!

काका शिलाई मशिनं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत वाकूनच शिरायचं, आणि बाहेर पडताना विसरलात तर टेंगूळ घेऊन निघायचं. भिंतीवर पट्टे टांगलेले, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. घरोघरची मशिनं येतात, पण त्यांवर चहापाणी भागतं इतकंच. घर चालतं ते कपड्यांच्या कारखान्यावर. तिथल्या रांगाच्या रांगा काकांच्या हाताखालून गेलेल्या आहेत.

त्यांची एक रीत आहे. दुरुस्त केलेलं मशीन गिऱ्हाइकाला परत द्यायचं, ते थोडं रुळू द्यायचं, आणि मग जाऊन ते चालताना ऐकायचं. डोळे मिटून, मान जराशी कलती करून. आवाज कानाला पटला तरच बिल फाडायचं. नाही पटला तर मशीन पुन्हा उघडायचं, तेही फुकट. या रीतीवर सगळे खूश असतात, एक मी सोडून. कारण कर खात्याला काकांच्या कानाशी काही देणंघेणं नाही. काम झालं की बिल, आणि ते बिल त्या महिन्याच्या विवरणपत्रात, इतका साधा हिशेब आहे. मी हे घसा बसेपर्यंत सांगितलंय. ते "बरं, बरं" म्हणतात आणि मनातलंच करतात.

तरी इतकी वर्षं कसंबसं निभावलं, कारण मशीन आठवडाभरात पटायचंच. यंदा मात्र बिलं यायचीच बंद झाली. महिना उलटला, दुसरा उलटला, बिलबुकाचं पान काही हललं नाही. विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दंड. आणि ते भरायला ओटीपी लागतो, जो येतो काकांच्या फोनवर. मी फोन करायचे, तो वाजून वाजून बंद व्हायचा. मग रात्री ते घरी पोचले की काकूला फोन. काकू खोलीतूनच हाक मारायची, आणि तिचा आवाज असा, की मला तो फोनशिवायही ऐकू आला असता. शेवटी ती स्वतः चष्मा शोधून आकडे वाचायची, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असायची. की पुन्हा पहिल्यापासून! काका बिनबिलाचे पैसे घ्यायला लागलेत की काय, अशी शंकासुद्धा मला येऊन गेली.

मग एके सकाळी कारखान्याच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला.

"तुमच्या काकांना पैसे जड झालेत का हो? रांगभर मशिनं दुरुस्त करून गेले, दर आठवड्याला येऊन बघून जातात, आणि बिलाचं नाव नाही. आमचं वर्ष आज बंद होतंय. साहेब म्हणालेत, आज बिल आलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरा मेकॅनिक."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसं पैशांमागे धावतात, आणि आमचे काका पैसे मागे लागले तर पळतात! कारखाना सुटला तर या वयात हे खाणार काय, आणि काकूला काय सांगणार? मी कामं टाकून निघाले. वाटेत तीनदा फोन लावला. उचलला नाही.

दुकानाच्या दारात पोचले तेव्हा काका पाठमोरे बसून एका मशीनचं चाक पुसत होते. संतापाच्या भरात मी तिथूनच पुन्हा फोन लावला, म्हटलं, बघू या आता कसे उचलत नाहीत. फोन त्यांच्या कोपराशीच होता. तो वाजला. चांगला खणखणीत वाजला, समोरच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून इकडे पाहिलं. काकांनी चाक पुसणं थांबवलं नाही. मी हाक मारली. मग ओरडले. न्हावीही ओरडला. काका शांतपणे फडक्यावर तेल घेत होते.

माझी सावली चाकावर पडली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि हसले.

"अगं, तू कधी आलीस? आवाज तरी द्यायचा."

फोन, ओटीपी, न पटणारी मशिनं, कोरं बिलबुक, सगळ्याचा उलगडा एका क्षणात झाला. आणि खरं सांगते, राग कमी झाला नाही, वाढलाच. घरात काकूच्या आवाजामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण या माणसानं महिनोन्‌महिने ताकास तूर लागू दिली नव्हती! ज्याच्या कानाचीच ख्याती, तो आपला कान गेला म्हणून कुणाला सांगेल? दर आठवड्याला जाऊन मशीनसमोर मान कलती करून बसायचं, काहीच ऐकू यायचं नाही, आणि "अजून पटत नाही" म्हणत परत यायचं.

मी समोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत मोठ्यानं सांगितलं, "कारखान्याचं बिल आज द्यायचंय. नाहीतर काम जाणार."

"पटल्याशिवाय कसं देऊ?" ते म्हणाले. "हाताला बरी लागतात गं मशिनं. पण..." त्यांनी पान्हा उगाचच पुसला. "तुला वेळ आहे का? तू चल. तू ऐक."

"मी? मला बॉबिन कुठं बसते तेही माहीत नाही!"

"मला माहीत आहे. तू नुसतं ऐक."

कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. बायका डबे घेऊन बाहेर गेल्या होत्या, हॉल शांत होता. काका एकेका मशीनवर बसायचे, चिंधीवर टाके घालायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान कलती करून उभी. करसल्लागार बाई शिलाई मशीनला कान लावून उभी आहे, हे माझ्या बेकरीवाल्यानं पाहिलं असतं तर पोतं डोक्यावर घेऊन नाचला असता. पहिलं मशीन, ठीक. पुढची चारपाच, ठीक. सुट्टी संपत आली होती, मी "ठीक, ठीक" म्हणत पुढे सरकत होते, आणि खिडकीजवळच्या एका मशीनमध्ये काहीतरी वाजलं. बारीकसं, टक्.

नाही वाजलं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काकांना कळणार नव्हतं, आणि मला तर बिल हवंच होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की जीभ रेटेना.

"येतोय," मी म्हणाले. "टक् असा. खालून."

त्यांचा चेहरा खुलला. "बॉबिनकडून? सुई वर जाताना की खाली येताना?"

"वर जाताना."

त्यांनी पत्रा सरकवला, बॉबिनची डबी काढली, एक स्क्रू पाव फेरा आवळला. पुन्हा चालवलं. मी कान दिला. आवाज नव्हता. मी मान हलवताच त्यांनी खिशातून बिलबुक काढलं, आणि तिथंच मशीनच्या पाटावर ठेवून बिल लिहिलं. अक्षर अजूनही मोत्यासारखं आहे.

हिशेब खात्यात बाईंनी बिल उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "काका, एवढे महिने का लावलेत?"

काकांनी त्यांचे ओठ हललेले पाहिले आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे सरसावले. तब्येत बरी नव्हती, घरी अडचण होती, असं काहीतरी तोंडावर आलंच होतं. काकांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"बाई," ते म्हणाले, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं, "मला ऐकू येत नाही. मशिनं मी दुरुस्त केली, पण आज ऐकली माझ्या पुतणीनं."

टेबलांवरच्या सगळ्या माना वर झाल्या. बाईंनी क्षणभर आम्हां दोघांकडे पाहिलं, मग शिक्का उचलून बिलावर मारला आणि काकांना दिसेल असं सावकाश बोलल्या, "पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरची मशिनं आहेत. दोघं या."

जिना उतरताना मी काकांचा हात धरला. सांगायला घरात काकू होती, फोनवर फोन करणारी मी होते. आणि ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते एका परक्या बाईला, तेही तिनं बिलाचा उशीर विचारला म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांचा हात मात्र मी फाटकापर्यंत सोडला नाही, कारण मागून ट्रक येत होता आणि तो हॉर्न वाजवत होता.