सासूबाईंच्या पापण्या

सासूबाईंच्या पापण्या पहिल्यांदा सुजल्या तेव्हा निदान करायला मी अर्धं मिनिटही घेतलं नाही. मार्च संपत आला होता. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या भावाने कोकणातल्या गावाहून एसटीच्या ड्रायव्हरकडे ओल्या काजूंची पिशवी दिली होती. नवरा ती ठाण्यातल्या खोपटच्या डेपोतून डोंबिवलीला घेऊन आला, आणि सासूबाईंनी जुना पेपर पसरून, हातांना खोबरेल चोळून, सगळे काजू एका बैठकीत सोलून टाकले. ओल्या काजूच्या सालीत चीक असतो. तो लागला की कातडी भाजते, काळी पडते, सोलवटते, आणि त्याच हाताने डोळा चोळला तर विचारायलाच नको. सासूबाईंच्या बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे होते आणि पापण्यांवर जांभळट सूज. आणखी कसला पुरावा हवा होता?

"चीक लागलाय," मी म्हटलं. "आठ दिवसांत जाईल."

"हो का?" त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला वळल्या.

मी सोलापूरकडची. लग्नाआधी ओला काजू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण मी घोडबंदर रोडवरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर हाच माझा विषय आहे, त्यामुळे सूज या गोष्टीवर मी कुणालाही ऐकवू शकते. त्या दिवशी सासूबाईंना ऐकवलं. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. एरवी तो गुळगुळीत असतो, रक्त त्यावरून सरसर वाहतं. शेजारच्या पेशींकडून धोक्याचा निरोप आला की हाच थर चिकट होतो, वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतो, आपल्या फटी उघडतो आणि त्यांना बाहेर सोडतो. त्यांच्याबरोबर पाणीही झिरपतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, म्हणून ते तिथे लगेच दिसतं. सासूबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि "केवढं काय काय असतं गं," म्हणाल्या.

त्यांनी उलट काही विचारलं नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. आमच्यात दुखण्याखुपण्यावरून एकच मोठं भांडण झालेलं, मुलगी तान्ही असताना. त्यांना तिच्या कानात तेल घालायचं होतं. मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "आई, काही विज्ञान आहे की नाही या घरात?" त्यांनी तेलाची वाटी उचलून आत नेली. त्यानंतर घरात कुणाला काहीही झालं की त्या माझ्याकडे बघत, आणि मी सांगेन ते चाले. मी याला माझा विजय समजत होते.

केमिस्टकडून मी सौम्य स्टिरॉइडचं मलम आणलं आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने त्यांच्या पापण्यांना लावू लागले. लाली थोडी उतरली. मी खूश. एप्रिलमध्ये काजूची दुसरी पिशवी आली आणि पापण्या पुन्हा जांभळ्या झाल्या. माझं निदान आणखी पक्कं झालं. मग गच्चीवर वाळवणं सुरू झाली. कुरडया, सांडगे, आमसुलं. त्या खाली आल्या की चेहरा, मान, गळ्याखालचा भाग लालबुंद झालेला असे. "ऊन लागलं," मी म्हटलं. मेमध्ये त्यांनी अंबाडा घालणं सोडलं आणि पाठीवर वेणी सोडून फिरू लागल्या.

"काय, कॉलेजात नाव घातलं की काय?" मी चिडवलं.

"हात भरून येतात गं वर धरले की," त्या हसत म्हणाल्या.

पूजेला पाटाऐवजी खुर्ची आली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी भाजीला खाली उतरणं बंद केलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत 'गुडघे' म्हटलं की सगळं निकालात निघतं. मी त्यांना गुडघ्याचा पट्टा आणून दिला. तोही त्यांनी मुकाट्याने बांधला.

जूनमधला एक दिवस. कंपनीची बस घोडबंदर रोडवर अडकून अर्धा तास झाला होता. पुढे कुठेतरी ट्रेलर बंद पडलेला. सासूबाईंचा फोन आला. आवाज नाकातून येत होता.

"सर्दी झाली का, आई?"

"नाही गं. गंमतच झाली. चहा प्यायले तर नाकातून बाहेर आला." त्या हसल्या, आणि हसता हसता खोकू लागल्या. तो खोकला लवकर थांबेना.

टाळूचे स्नायू थकले की प्यायलेलं नाकातून येतं. म्हणजे घशाचे स्नायूही थकले. हात वर जात नाहीत, जमिनीवरून उठता येत नाही, पापण्या जांभळ्या, ऊन सोसत नाही. आणि बोटं! चीक लागतो तो बोटांच्या टोकांना, तळव्याला. त्यांचे चट्टे होते बोटांच्या पाठीवर, नेमके सांध्यांच्या उंचवट्यांवर. काजू काय कुणी बोटांच्या पाठीने सोलतं? रोज सकाळी माझा हात धरून त्या डोळे मिटून बसायच्या, तीच बोटं माझ्या मनगटावर असायची. तीन महिने मी ती बघत होते.

हा आजार मला माहीत होता. आमच्या कंपनीत एक अख्खं व्याख्यान झालेलं त्यावर. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकीचे निरोप पाठवत राहते, कातडीतल्या आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, एकेक करून मरतात, आणि स्नायू उपाशी पडतात. जांभळ्या पापण्या ही त्याची ओळखीची खूण. व्याख्यानानंतर मी उठून एक प्रश्नही विचारलेला, आणि वक्त्यांनी चांगला प्रश्न म्हणून मान डोलावलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत.

"आई, आता काही खाऊ नका. पाणीसुद्धा नको."

"अगं, भात कालवलाय आत्ताच."

"ठेवा तो! ठेवा म्हणते ना खाली!"

सगळी बस वळून बघायला लागली. मला कुणाची पर्वा नव्हती. मुलगी क्लासला गेलेली, त्या घरात एकट्या होत्या. एक घास चुकून श्वासनलिकेत गेला असता तर दार उघडायलाही कुणी नव्हतं. बस जागची हलत नव्हती. शेजारी बसलेल्या मुलीच्या फोनवरून मी नवऱ्याला लावला. त्याचं ऑफिस ऐरोलीला, तो माझ्याआधी पोचला असता. दोनदा रिंग वाजून बंद झाली, तिसऱ्यांदा त्याने घेतला. निघाला. तोवर मी सासूबाईंचा फोन कानाला धरून ठेवला.

"आई, सरळ बसा आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नका फक्त."

"अठरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस असं," त्या म्हणाल्या.

मग त्या तशाच नाकातल्या आवाजात बोलत राहिल्या. आमसुलांना रसाचं अजून एक पुट द्यायचं राहिलं आणि पाऊस आला. वरच्या बाईंनी गच्चीची किल्ली परत दिली नाही. मी शब्द ऐकत नव्हते, दोन वाक्यांमधला श्वास ऐकत होते. तो तोकडा होत चालल्यासारखा वाटे, मग खोकला येई, मग मी "आई? आई?" करी, आणि त्या "आहे गं," म्हणत. मी खूप घाबरले होते. शेवटी एकदाचा नवऱ्याचा आवाज फोनमध्ये आला, तेव्हा मला रडू फुटलं आणि मी भर बसमध्ये रडले.

शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी परस्पर पोचले. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी पापण्या बघितल्या, हात वर करायला सांगितले. ते खांद्यापर्यंतही गेले नाहीत. मग छोटं भिंग घेऊन त्यांनी नखांच्या कडा तपासल्या आणि मला बोलावून दाखवलं. नखाच्या मुळाशी बारीक रक्तवाहिन्यांची सारखी रांग दिसायला हवी. इथे काही फुगून वेड्यावाकड्या झालेल्या, आणि मधे मोकळ्या जागा. तिथे पूर्वी रक्तवाहिन्या होत्या.

"किती दिवस झाले हे सुरू होऊन?" डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. वेग किती आहे त्यावर माझे बरेच निर्णय अवलंबून आहेत."

"आठ-दहा दिवस," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन टेकवलं. नवरा शेजारीच होता, पण त्याला खरंच माहीत नव्हतं, घरातली दुखणी माझ्या खात्यातली. मला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते: क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आठ-दहा दिवसांत कुणी काय ओळखणार होतं? कुणी मला बोल लावला नसता.

"तीन महिने," मी म्हटलं. "मार्चपासून. मी काजूचा चीक आहे म्हणाले. मलम मीच लावत होते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्या माझ्यावर चिडल्या आहेत हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

नाकात नळी घातली गेली, दूध आणि पेज त्यातून. शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस, मग दुसरी एक महागडी सलाइन. शिवाय एक धाकधूक होती. या वयात हा आजार कधी कधी आत लपलेल्या कॅन्सरची सावली म्हणून येतो. म्हणून सगळ्या शरीराचे स्कॅन झाले आणि रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. ते दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. नवरा माझ्याशी डब्यापुरतं आणि औषधांपुरतं बोलत होता.

रिपोर्ट यायच्या आदल्या दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांना मान उचलता येत नव्हती, म्हणून एका हाताने डोकं धरून.

"डॉक्टरांना कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"खोटं सांगून चाललं नसतं, आई."

मग, एरवी फक्त भावाशी बोलताना वापरतात त्या मालवणीत म्हणाल्या, "ह्यो चीक न्हय, ता माका पयल्याच दिवशी कळलेला."

माझा हात थांबला. त्या पुढे सांगत राहिल्या. सातव्या वर्षापासून काजू सोलले होते त्यांनी. चीक कुठे लागतो, किती दिवस आग होते, कधी साल निघते, सगळं त्यांना पाठ होतं. ही तशी आग नव्हतीच मुळी.

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडले.

"तू एवढी खात्रीने म्हणालीस," त्या म्हणाल्या. "आणि रोज सकाळी कामावर जायच्या घाईत माझ्या डोळ्यांना मलम लावायचीस. तसं कुणी आजवर केलं नव्हतं. म्हटलं, असेल बाई तिचंच खरं."

मी कंगवा ठेवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाला जागा नव्हती.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. निदान आत्ता तरी नाही, वर्षभर लक्ष ठेवायचं, असं डॉक्टर म्हणाल्या. हळूहळू घसा परत आला. आधी चमचाभर पाणी, मग घट्ट पेज, मग मऊ भात. महिन्याने घरी आणलं. आता त्या आधाराने चालतात, आवाज पूर्वीचा झालाय. हात कानापर्यंत जातात, त्याच्या वर नाही. सगळी ताकद येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. काही येईल, काही नाही. त्या तीन महिन्यांनी किती नेलं? "ते मोजता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं.

नातेवाइकांचे फोन अजून येतात. सासूबाई स्पीकरवर बोलतात, कारण फोन कानाशी धरून हात दुखतो. प्रत्येकाला त्या तेच सांगतात. "अगं, सून त्यातलीच आहे ना माझी. फोनवर नुसता आवाज ऐकला आणि ओळखलं हिने. दुसरी कुणी असती तर मी गेलेच होते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत जाऊन, फोनसमोर वाकून, खरं काय ते सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं. तेव्हा त्या वैतागल्या, "तुला काय पडलंय गं? त्यांना काय करायचंय?" आणि पलीकडचं माणूसही अवघडून "असो, असो," म्हणालं.

परवा पुन्हा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली तसा मी कुकरखालचा गॅस बारीक केला, ओट्याला टेकून शेवटपर्यंत सगळं ऐकलं, आणि बाहेर गेले नाही.