मुकुलसाठी रायफल

निशिकांत घाबरट माणूस, हे आधीच सांगून टाकते. पण त्यात वाईट काही नाही. एकवीस वर्षं काढली त्यानं सिंगापुरात. सकाळी कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जायचं, तिथले पंप, तिथले पाइप बघायचे, संध्याकाळी बिशानच्या फ्लॅटवर परत. गॅसचा नॉब तीनदा चाचपल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. अरुणा, त्याची बायको, म्हणायची, "अहो, एवढी रिफायनरी सांभाळता आणि घरच्या शेगडीला भिता?"

तो म्हणायचा, "रिफायनरी सांभाळतो म्हणूनच भितो."

अशा माणसाच्या गळ्यात दोन हजार चौदा साली बंदूक निवडायचं काम पडलं. तेही डुकराच्या शिकारीची बंदूक.

त्याचं झालं असं. त्यांचं गाव देवरुखच्या आत, डोंगराच्या कुशीत. भात, नाचणी, थोडी रताळी. आणि रानडुकरं! रात्रीत येतात, कळप घेऊन येतात, सगळं शेत नांगरल्यासारखं करून जातात. म्हणून तात्यांच्या, म्हणजे निशिकांतच्या वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता, ठासणीच्या बंदुकीचा. तात्या आदल्या वर्षी गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. डुकरांना काय, ती कळल्यासारखी दुप्पट यायला लागली.

शेत बघतो धाकटा मुकुल. त्यानं फोन केला. "दादा, परवाना माझ्या नावावर करतोय. तुझं ना-हरकत लागतं, तू पण वारस. आणि दुसरं म्हणजे, ती जुनी ठासणी मी काही हातात धरणार नाही. नवीन घेणार. बाराबोर घेऊ की रायफल, ते तू ठरव."

"मी? अरे, मला बंदुकीतलं काय कळतंय?"

"तू इंजिनीअर ना? नेटवर बघ. पंप निवडतोस की नाही? तशीच निवड. भात दाण्यावर यायच्या आत सांग म्हणजे झालं."

फोन ठेवला आणि निशिकांतनं उठून गॅसचा नॉब परत एकदा चाचपला. कारण त्याला आठवला तो अकरा वर्षांचा असतानाचा दिवस. उजेड होता, चांगला चारचा सुमार. तात्यांनी त्याला काजूच्या झाडावर चढवलं होतं आणि खाली उभं राहून बार काढला होता. डुकराला लागला, पण नीट नाही लागला. आणि अर्धवट लागलेलं डुक्कर पळत नाही हो, ते फिरतं. सरळ तात्यांवर आलं. नळीत दारू ठासून एकदाच उडवायची, ठासणीच्या बंदुकीला दुसरा बार कुठला असायला! सुळ्यानं मांडी अशी उघडली की आतलं पांढरं दिसलं. तात्या वाचले, पण पुढं जन्मभर काठी लागली. झाडावरचं पोर मात्र अंधार पडेपर्यंत खाली उतरलं नाही, मुतलं होतं ना चड्डीत.

आता तेच पोर पन्नाशीला आलेलं, आणि सख्ख्या भावासाठी बंदूक निवडायची. चूक झाली तर? मुकुलला काही झालं, तर स्मिताला, त्याच्या बायकोला, काय तोंड दाखवायचं? "मी निवडली होती" म्हणून?

निशिकांत बघायला बसला, आणि जितकं बघत गेला तितका बिचारा आणखी भ्याला. बाराबोर घ्यावी, तर ती छऱ्यांची, जवळून चांगली. डुक्कर लांब असलं तर नुसतं जखमी करणार, म्हणजे परत तात्यांचीच गत. रायफल घ्यावी, तर तिची गोळी डुकराच्या आरपार जाते आणि लांबवर जाते. शेताच्या खालच्या अंगाला वाडी आहे सगळी. कोण विहिरीवर असेल, कोण परसाकडे निघालं असेल. एका बंदुकीत भाऊ मरणार, दुसरीत शेजारी. यातली कुठली निवडायची, सांगा!

आणि हे सगळं बघायचं कुठं बसून, तर सिंगापुरात. जिथं नुसतं काडतूस खिशात सापडलं तरी माणसाच्या जन्माची वाट लागते. रोज संध्याकाळी तो खोलीचं दार लावून घ्यायचा आणि रायफलींची चित्रं बघायचा. एक दिवस मुलीला हाक मारली. जाई कॉलेजात होती तेव्हा, बारावीला असतात तेवढी.

"जाई, हे पान जरा छापून दे गं. मोठ्या अक्षरात."

तिनं पडद्यावर बघितलं आणि डोळेच मोठे केले, आणि तिकडच्या पोरांसारखं आह-लाह लावत म्हणाली, "बाबा, तुम्ही क्रेझी आह? रायफल? इन सिंगापोर?"

"अगं, गावासाठी. मुकुलकाकाच्या डुकरांसाठी."

"काकाला सांगा फेन्स लाव लाह."

"कुंपण लावून झालं दोनदा. खालून उकरून येतात."

छापलं तिनं, कटकट करत. त्या कागदावर दोन रायफली आणि एक बाराबोर, शेजारी शेजारी, वजनं, मापं सगळी. निशिकांतनं कडेला पेनानं लिहून ठेवलं: "एका गोळीत पडलं पाहिजे. पुन्हा उठता कामा नये." आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून गेला झोपायला.

सकाळी अरुणाची गडबड. आदल्या दिवशी डब्यातली आमटी सांडून पिशवी तेलकट झाली होती. आपल्या बायकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे, डब्याखाली घालायला कागद हवाच, आणि कोराच कशाला हवा. टेबलावर दिसला तो घेतला, चौघडी केली, पिशवीच्या तळाला घातला, वर डबा ठेवला. काय छापलंय ते बघितलं पण नाही.

आता हे आयलंड म्हणजे असं तसं नाही हो. सगळे तेलाचे, गॅसचे कारखाने. पुलाच्या अलीकडे पास दाखवल्याशिवाय चिमणी आत जात नाही. आणि त्या दिवशी नेमक्या पिशव्या उघडून बघत होते. निशिकांत निवांत. डबा तर आहे! त्यानं स्वतःच पिशवी पुढं केली. तिथल्या माणसानं डबा उचलला, खालचा कागद उचलला, उलगडला.

निशिकांत सांगतो, "मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद आहे. मग माझं अक्षर दिसलं."

बस गेली निघून. त्याला आत एका खोलीत बसवलं. पास टेबलावर ठेवून घेतला. समोर एक मलायी अंमलदार, वयस्कर, पांढऱ्या मिशा, आवाज अगदी हळू. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, असं निशिकांत म्हणतो. पंख्याखाली कागद फडफडत होता.

"हे काय लिहिलंय?" अंमलदारानं मराठी ओळीवर बोट ठेवलं.

खोटं बोलावं तर पुढं अडकणार. खरं सांगावं तर... सांगितलं खरं. "एका गोळीत पडलं पाहिजे, सर."

"कोण पडलं पाहिजे?"

"डुक्कर, सर."

"आणि हे खालचं?"

"पुन्हा उठता कामा नये. तेही डुक्करच, सर."

अंमलदार हसला नाही. त्यानं फोन केला, आणखी एक जण आला, दोघं बाजूला जाऊन बोलले. निशिकांतनं सगळं सांगितलं. गाव, तात्या, परवाना, ना-हरकत. मुकुलचे मेसेज दाखवले, उकरलेल्या शेताचे फोटो दाखवले. अरुणाला फोन लावून विचारलं त्यांनी, कागद डब्याखाली कुणी घातला म्हणून. ती इकडे रडकुंडीला. "मीच घातला हो, आमटी गळते म्हणून!" तासभर चाललं हे. त्या तासात निशिकांतनं मनातल्या मनात फ्लॅट विकला, जाईचं कॉलेज सोडवलं आणि सगळ्यांना देवरुखच्या एसटीत बसवलं.

शेवटी कागद ठेवून घेतला त्यांनी, नाव-नंबर लिहून घेतला, पास परत दिला. दुसरा माणूस निघून गेला. मिशावाला बसून राहिला. म्हणाला, "माझ्या आजोबांची रबराची बाग होती, जोहोरला. तिथंही डुकरं फार. बंदुकीचं मी तुला काही सांगणार नाही. पण तू पानभर मापं लिहिलीस बंदुकीची. बंदूक धरणाऱ्याचं एक अक्षर नाही. तुझा भाऊ नेम धरतो कसा?"

निशिकांतला पोस्टमन आठवला.

गेल्या मे महिन्यात तो गावी गेला होता, तेव्हा मुकुलनं अंगणातून हाक मारली होती, "अगं स्मिता, चहा टाक, दादा आलाय." आणि फाटकात उभा होता पोस्टमन. निशिकांत तर मागल्या दारी आंघोळीचं पाणी काढत होता. सगळे हसले होते. शिवाय मुकुल भात निवडायला बसला की खडे तसेच राहायचे. चष्मा लाव म्हटलं की अंगावर यायचा.

रायफलीच्या दुर्बिणीतून हा माणूस काय बघणार होता? आणि काय समजून चाप ओढणार होता?

त्या संध्याकाळी बिशान स्टेशनवरूनच त्यानं फोन लावला, घरी पोचेपर्यंतसुद्धा धीर निघेना. "मुकुल, डोळे तपासून घे आधी. डॉक्टरचा कागद आला की सही करतो."

"म्हणजे? डोळ्याला काय झालंय माझ्या?"

"पोस्टमनला दादा म्हणालास तू."

"ऊन होतं समोर! दादा, तू तिकडे एसीत बसून भितोस, ते भीत बस. इथं मी मेहनत करतो आणि डुकरं जेवतात. तुला सही द्यायची नाही, तर तसं सांग सरळ."

"डोळे तपास."

"खालच्या वाडीतल्या सुबोधकडे ठासणीची आहे. मी ती मागून आणतो. तुझी सही ठेव तुझ्यापाशी." आणि फोन बंद.

घ्या! करायला गेला एक, झालं भलतंच. रायफल राहिली बाजूला आणि ठासणीच परत आली. आता निशिकांतला झोप कुठली? जेवताना फोन ताटाशेजारी. कामावर फोन कारखान्याच्या दारातच ठेवून घ्यायचे, तर संध्याकाळी बाहेर आल्या आल्या आधी मिस्ड कॉल बघायचा, आणि बघायच्या आधी डोळे मिटून घ्यायचा. अरुणानं सांगितलं, "सही करून टाका हो. रायफल तरी बरी." तो म्हणाला, "बरी कुणासाठी?"

पाचव्या दिवशी स्मिताचा फोन आला. दबक्या आवाजात. "भावोजी, त्यांनी सुबोधभावोजींकडून बंदूक आणली. काल मचाण बांधलं."

निशिकांत एवढ्यानं ओरडला की अरुणा आतून धावत आली.

"घाबरू नका. बंदुकीच्या दारूची पुडी मी न्हाणीत नेऊन पाण्यात घातली. आज सकाळी कळलं त्यांना. मोठं भांडण झालं. मी म्हटलं, दुसरी आणाल तीही भिजवीन. तिसरी आणाल तीही. शेवटी म्हणाले, सोमवारी चिपळूणला डोळे दाखवतो. पण एका अटीवर."

"कुठल्या?"

"डोळे चांगले निघाले, तर दादानं रायफल निवडायची आणि त्याच दिवशी सही पाठवायची. मग टाळायचं नाही."

"हो म्हण," निशिकांत म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

पण सोमवारपर्यंतचे ते तीन दिवस वाईट गेले. बघा ना, देवापुढं बसला की काय मागायचं त्यानं? सख्ख्या भावाचा डोळा अधू निघू दे, हेच मागत होता तो. हात जोडायचा आणि स्वतःचीच शरम वाटून परत सोडायचा. मग पुन्हा जोडायचा.

सोमवारी दुपारी मुकुलचा फोन आला तेव्हा निशिकांतनं रजा टाकलेली होती. सोफ्याच्या कडेवर बसला होता, अरुणा दारात उभी.

मुकुलचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दादा, उजव्यात मोतीबिंदू आहे. पिकलाय म्हणतात. डावाही चाललाय त्याच वाटेनं. डॉक्टरनं विचारलं, समोर किती बोटं. मी म्हटलं तीन. तो काही बोटं दाखवतच नव्हता, दादा. त्याच्या मागं खिडकीचे गज होते."



"मी मचाणावर बसणार होतो शुक्रवारी," मुकुल म्हणाला. "खालच्या बांधावरून स्मिता येते ना रोज, तिन्हीसांजेला, गवत घेऊन. वाकून येते. भारा डोक्यावर असतो, तो काळा दिसतो." "दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"ऑपरेशन नवरात्रानंतर. यंदा खालचा तुकडा जाऊ दे डुकरांना."

"जाऊ दे," निशिकांत म्हणाला. फोन ठेवला आणि अरुणाला काही सांगायच्या आत तो उठून न्हाणीत गेला. नळ मोठा सोडला. अरुणानं बाहेरून दोनदा हाक मारली. नळ बराच वेळ चालू होता.